मी मुग्धा, तुम्ही?

आमच्या मुग्धाला ओळखी करून घ्यायचा भारी सोस. दूधवाला असो, सिलिंडर आणणारा असो, मतं मागायला आलेला उमेदवार असो, माणूस दारात दिसला की ही एक पाऊल पुढे होणार आणि खणखणीत आवाजात म्हणणार, "मी मुग्धा. कामावर जाते. तुम्ही?" समोरच्यानं नाव सांगितल्याशिवाय ती जागची हलत नसे. त्या उमेदवाराला तर घाम फुटला होता, कारण त्याला वाटलं ही आता पाणीपट्टीबद्दल विचारणार.

मुग्धा माझी मुलगी, वय सव्वीस. तिची समज जन्मापासून सावकाश चालते. डॉक्टर त्याला बौद्धिक अक्षमता म्हणतात, गल्लीतल्या बायका "बिचारी" म्हणतात, आणि दोन्ही ऐकून माझं डोकं सारखंच फिरतं. तिला लिहिता-वाचता येत नाही. एकच शब्द वाचता येतो, स्वतःचं नाव. लकडगंजात 'उभारी' नावाची कार्यशाळा आहे, तिथे ती औषधाच्या दुकानांसाठी कागदी पिशव्या चिकटवते. तिथल्या सगळ्यांना निळा एप्रन असतो आणि त्याच्या खिशावर ज्याचं त्याचं नाव दोऱ्यानं भरलेलं असतं. हा एप्रन मुग्धा रविवारीसुद्धा घालायची.

मी दत्तोपंत. वीज मंडळातून निवृत्त झालो. जन्मभर लाइनमधले बिघाड शोधले आणि लोकांशी भांडलो, त्यातलं दुसरं अजून चालू आहे. बायको मुग्धाच्या लहानपणीच गेली. तेव्हा माझी थोरली बहीण, ताराअक्का, तिचं स्वतःचं घर बंद करून आमच्याकडे नागपूरच्या महाल भागात आली ती कायमची. मुग्धाला जेवायला, केस विंचरायला, रस्ता ओलांडायला तिनं शिकवलं. मी फक्त बाप होतो.

तर झालं असं की मागच्या वर्षी पोळ्यानंतर मुग्धा बंद पडली.

दुसरा शब्द मला सापडत नाही. कार्यशाळेची व्हॅन दारात हॉर्न वाजवू लागली की ती कपाटामागे जाऊन बसायची. नवा कोरा एप्रन मिळाला होता, तो तिनं मोरीत फेकला. आवडते पोहे समोर ठेवले तरी बघायची नाही. घरात कुणी आलं तर एक पाऊल पुढे होण्याऐवजी भिंतीला चिकटायची. आणि मारायला लागली. व्हॅनवाल्या विक्रमला तिनं असा काही हाणला की त्याचा चष्मा नालीत गेला. शेजारणीच्या हाताला चावली. जिनं आयुष्यात मुंगीवर पाय दिला नाही, ती पोरगी.

मुग्धाच्या फिटच्या गोळ्यांसाठी आम्ही ज्या डॉक्टरांकडे जायचो, त्यांना दाखवलं. मुग्धा बाहेर बाकावर होती, तिला आत बोलवायची त्यांना गरज वाटली नाही.

"अशा मुलांमध्ये वयाप्रमाणे वर्तन बिघडत जातं," ते म्हणाले. "स्वीकारायचं आपण."

"डॉक्टर, ती सव्वीस वर्षांची बाई आहे," मी म्हणालो. "अन् मागच्या महिन्यात ठीक होती."

त्यांनी मान हलवली आणि गोळी लिहून दिली. पुन्हा गेलो तेव्हा ती वाढवली. मग मुग्धा दिवसभर झोपू लागली. तोंडातून लाळ गळायची, उठवलं की डोळे उघडून आपल्यातून आरपार बघायची. शेजारीण म्हणाली, "आता शांत झाली ना." मी तिच्या तोंडावर दार लावलं. अक्का नंतर तिच्याकडे भाजी घेऊन गेली, कारण आमच्या घरात दारं मी लावतो आणि उघडते ती.

त्यातच कार्यशाळा चालवणाऱ्या चारुलताबाईंचा फोन आला. बाई वाईट नाहीत. त्यांच्याकडे जागा थोड्या आणि दारात थांबलेले आईबाप जास्त. त्या म्हणाल्या, "काका, दिवाळीपर्यंत मुग्धाची जागा मी कोणाले देत नाही. पण त्याच्यापुढे माझ्या हातात नाही. कळमेश्वरकडे एक निवासी गृह आहे, तिथं अशांची सोय होते. विचार करून ठेवा."

अंगाचा तिळपापड झाला, पण मी फोन ठेवला. रात्री अक्काला म्हणालो, "पोळ्यापर्यंत लाइन चालू होती. पोळ्यानंतर बंद झाली. म्हणजे मधात कुठंतरी काही तुटलं आहे. अन् हे सारे मले सांगून राहिले का मीटरच तसं आहे."

"तू नको गा इतका त्रास करून घेऊ," अक्का म्हणाली. तिचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, माझ्यासारखीच तीही काळजीनं खंगली आहे.

मी शोधत सुटलो. इथे विचार, तिथे विचार, आणि जिथं तिथं एकच. मनाच्या आजाराचे डॉक्टर म्हणत, हिला गतिमंदांच्या शाळेत न्या. शाळा म्हणत, आमच्याकडे अठरापर्यंतच घेतात. जणू काही अशा माणसांना मेंदू दिला तेव्हा मन द्यायचं राहूनच गेलं. शेवटी एका केंद्राचा पत्ता लागला. तिथे प्रीती गजभिये नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या आणि त्या मुग्धासारख्या मोठ्या माणसांबरोबरच काम करत. मी त्यांना फोनवरच सुनावलं, "हे वयाप्रमाणे होतं असं सांगायचं असेल तर येऊ नका."

"नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "घरी येऊ का?"

त्या आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पायात साधी चप्पल, खांद्यावर झोळी. आल्या त्या माझ्याशी न बोलता मुग्धाच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मी प्रीती. तुम्हाला चालत असेल तर इथंच बसते. आत नाही येत."

अक्का माझ्या कानाशी कुजबुजली, "तिले काय समजते तुम्ही अन् तू?"

मलाही ते विचित्रच वाटलं. मग लक्षात आलं, मुग्धाला आजवर एकाही माणसानं 'तुम्ही' म्हटलेलं नव्हतं. ती मात्र सगळ्यांना म्हणायची.

तासाभरानं प्रीतीबाई उठल्या. मुग्धा एक शब्द बोलली नव्हती. त्यांनी मला विचारलं, "काका, समजा तुमच्या ऑफिसातला एखादा माणूस एकदम घराबाहेर पडेना झाला. जेवत नाही, लोक जवळ आले का अंगावर धावतो. तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

"घाबरला असेल, म्हटलं असतं. नाहीतर घरात कोणी गेलं असेल."

"मग हिच्या बाबतीत काहून वेगळं म्हणायचं?"

इतकं साधं. मी महिनाभर साऱ्या दुनियेशी भांडत होतो आणि हे वाक्य मला सुचलं नव्हतं.

त्यांनी दोन कामं सांगितली. एक म्हणजे गोळी घेऊन दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं, ज्यांना अशा माणसांचा अनुभव आहे. "पण स्वतःच्या मनानं गोळी बंद नाही करायची, काका. तुमचा राग तिच्या डोसवर नका काढू." हे त्यांनी इतक्या लवकर ओळखलं याचं मला आश्चर्य वाटलं. नव्या डॉक्टरीणबाईंनी मुग्धाला समोर बसवून तपासलं, तिच्याशी बोलल्या, आणि ती झोपवणारी गोळी हळूहळू उतरवत आणली. भीती कमी व्हावी म्हणून एक लहानशी गोळी रात्रीची दिली. ती अजून चालू आहे.

दुसरं काम माझं होतं. मुग्धा हात उगारते त्याच्या अगदी आधी काय होतं, तेवढं बघायचं. हे काम मला जमण्यासारखं होतं, कारण बिघाड शोधायची रीत हीच. मी खुर्ची टाकून बसलो आणि बघत राहिलो. अक्का "सोने, पाणी पी" म्हणाली, काही झालं नाही. मी "बाळा, ऊठ" म्हणालो, उठली. मोलकरीण आली आणि म्हणाली, "मुग्धा, पाय वर घे वं." मुग्धानं तांब्या फेकला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मागचं आठवलं. व्हॅनवाला विक्रम हाक मारायचा, "मुग्धा, चाल." शेजारीण म्हणायची, "मुग्धा, ओळखलं का?" ज्यांनी ज्यांनी मार खाल्ला होता त्या सगळ्यांनी तिचं नाव घेतलं होतं. घरात आम्ही दोघं सोने, बाळा म्हणायचो म्हणून वाचलो होतो.

जिनं जगाला नाव सांगत फिरावं, तिला स्वतःचं नाव ऐकवत नव्हतं.

प्रीतीबाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी मुग्धाला काही विचारलंच नाही. घरातली रद्दी मागून घेतली, चिकटवायला पिठाची लेई करायला लावली आणि उंबऱ्याबाहेर बसून पिशव्या करायला लागल्या. त्यांच्या पिशव्या फारच वाकड्या व्हायच्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मुग्धा आतून सरकत सरकत आली, त्यांच्या हातातला कागद ओढून घेतला आणि घडी नीट घालून दिली. गोळीची झापड उतरत चालली होती. मग प्रत्येक खेपेला दोघी बसू लागल्या, एक आत, एक बाहेर, मध्ये उंबरा आणि लेईची वाटी.

आणि एक दिवस रद्दीतून पोळ्यानंतरच्या दिवसांतलं वर्तमानपत्र निघालं.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते हे इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो. बांबू आणि कागदाची, दुमजली घराएवढी बाई करतात, एक पिवळी, एक काळी. तिची मिरवणूक काढतात, सारं शहर लोटतं, आणि लोक ओरडतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत." रोगराई, खोकला, महागाई, ज्याला जे नको असेल ते तिच्या नावानं करायचं. मग गावाबाहेर न्यायचं आणि जाळायचं. म्हणजे पूर्वी ते गावाबाहेर होतं, आता तिथेही घरं आहेत.

वर्तमानपत्रात पिवळ्या मारबतीचा मोठा फोटो होता. प्रीतीबाईंनी तो कागद घडी घालायला पुढे केला. मुग्धानं तो पाहिला आणि दोन्ही हात छातीवर घट्ट दाबून धरले, एप्रनला खिसा असतो तिथे.

"तिनं नेली," मुग्धा म्हणाली.

प्रीतीबाईंनी विचारलं, "काय नेलं तिनं?"

"मुग्धा. मुग्धा नेली. जाळली."

स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभी होती. तिच्या हातातलं ताट खाली पडलं आणि ती तिथेच सांडलेलं पुसायला बसली.

अक्कानं सगळं सांगितलं. पोळ्याच्या सुमारास मुग्धाला नवा एप्रन मिळाला आणि जुना फाटका घरात राहिला. अक्काच्या माहेरच्या, म्हणजे आमच्याच, आजीची रीत अशी की माणसाच्या अंगावरचं जुनं कापड त्याच्यावरून ओवाळायचं आणि मारबतीला बांधून द्यायचं, म्हणजे त्याची पीडा तिच्यासोबत जाते. अक्कानं तो एप्रन मुग्धावरून ओवाळला, दोघी मिरवणुकीला गेल्या, आणि गाड्यावरच्या एका पोराला सांगून अक्कानं तो मारबतीच्या हाताला बांधला. मुग्धानं शेवटपर्यंत जायचा हट्ट धरला. तिच्या डोळ्यांदेखत हजारो माणसं "घेऊन जा" म्हणून ओरडत होती, आणि तिला वाचता येणारा जगातला एकुलता एक शब्द त्या मारबतीच्या हाताला लटकून जळत होता.

"मले वाटलं तिचं सारं दुखणं जाईल," अक्का म्हणाली. "माझ्यामागं कोण पाहील तिले, ह्याच विचारात राहतो मी. तुले सांगतलं नाही, तू हसशील म्हणून. तुझा खोकला गेला होता का नाही गा? तवा तुझा मफलर दिला होता."

म्हणजे माझा मफलर हरवला नव्हता. एरवी मी त्यावरून घर डोक्यावर घेतलं असतं. राग आलाच होता, तोंडापर्यंत आला होता. पण समोर माझी बहीण जमिनीवर बसलेली, सांडलेलं वरण पदरानं पुसत होती, आणि या बाईनं माझ्या लेकीला चालायला शिकवलं होतं. मी पाणी आणून दिलं.

"आता काय करू?" तिनं प्रीतीबाईंना विचारलं. "एखादा उतारा, शांत..."

"उतारा नको, अक्का. तिची माफी मागा."

"पोरीची?"

"बाईची," प्रीतीबाई म्हणाल्या. "तुम्ही वाईट मनानं नाही केलं. पण वस्तू तिची होती, अन् काहून जाळली हे तिले कोणीच सांगितलं नाही. तिनं आपल्या डोक्यानं अर्थ लावला. तुमच्या-माझ्या अंगावरचं असं जाळलं असतं तर आपणही लावला असता."

अक्काला ते जड गेलं. आमच्या घरात वडीलधारी माणसं माफी मागत नाहीत, आदल्या दिवशी रागावली तर दुसऱ्या दिवशी आवडीची भाजी करतात. रात्रभर ती कूस बदलत होती. सकाळी अंघोळ करून ती मुग्धासमोर जमिनीवर बसली, गुडघे दुखत असताना.

"सोने, तुझा एप्रन मी नेला. मी जाळायले दिला. मारबतीनं नाही मागतला. चूक माझी झाली."

मला वाटलं आता मुग्धा तिच्या गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही.

"एप्रन माझा होता," ती म्हणाली.

"हो, तुझा होता."

"विचारायचं."

"विचारीन," अक्का म्हणाली. "आता विचारल्याबिगर काही नाही घेणार."

मुग्धानं मान हलवली आणि पोहे मागितले. मी संडासात जाऊन नळ सोडला आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण भीती अशी सांगून जात नाही. आपण तरी विंचू निघालेल्या कोपऱ्यात विंचू मारल्यावर लगेच हात घालतो का? मुग्धा खाऊ लागली, रात्री झोपू लागली, पण दारापाशी आली की घामाघूम व्हायची आणि नाव ऐकलं की हात वर जायचा. दिवाळी तोंडावर आली. आम्ही जेमतेम दारापुढच्या ओट्यापर्यंत पोचलो होतो.

मी लकडगंजला गेलो. कार्यशाळेच्या एका टोकाला चारुलताबाईंचं टेबल आहे, त्यांच्यासमोर बसलो.

"बाई, मले कावीळ झाली असती अन् मी तीन महिने घरी पडलो असतो, तर मंडळानं माझी खुर्ची दुसऱ्याले दिली असती का?"

"काविळीचं दिसते, काका. हे दिसत नाही."

"म्हणून तर सांगायले आलो. तिले भीतीचा आजार झाला होता. तो तिच्या हळू समजेचा भाग नाही, वेगळा आहे. त्याच्यावर इलाज चालू आहे अन् ती बरी होऊन राहिली. तुम्ही तिले काढलं तर बरं व्हायचं काही कारणच राहत नाही तिले."

बाईंनी बाहेर बाकावर बसलेल्या एका आईकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्या आईचं काही चुकत नव्हतं आणि मला तिच्यापुढे लाजही वाटली, पण मी उठलो नाही.

"संक्रांत," चारुलताबाई शेवटी म्हणाल्या. "त्याच्यापुढे मी खरंच नाही थांबू शकत. अन् त्या प्रीतीबाईले एक दिवस इथं पाठवा. आमच्या लोकायनंही ऐकलं पाहिजे हे. मागं दोन पोरं अशीच गेली आमच्याकडून. त्यायचं काय तुटलं होतं, आम्ही विचारलंच नाही."

मग आम्ही कंबर कसली. ओटा, मग गल्लीचं तोंड, मग पानठेला. रोज तेवढंच, आणि मुग्धा "बस" म्हणाली की बस. हा नियम प्रीतीबाईंचा होता आणि माझ्यासारख्या माणसाला तो पाळताना नाकी नऊ आले. एकदा पानठेल्याच्या पुढे दोन पावलं गेलो होतो, तेवढ्यात कुणीतरी लांबून "मुग्धा" म्हणून हाक मारली आणि ती रस्त्यात बसली. मी तिला ओढायला गेलो, तिनं माझ्या नाकावर दिला. मी त्या दिवशी प्रीतीबाईंना फोन करून म्हणालो, हे काही जमत नाही.

"मागं जा अन् उद्या ओट्यापासून चालू करा," त्या म्हणाल्या. "नाकाले बर्फ लावा."

विक्रम व्हॅन आणून नुसती उभी करायचा. इंजिन बंद, हॉर्न नाही, आणि स्वतः पुढे बसून शेंगा खायचा. त्याला नवा चष्मा मी करून दिला होता, पण तो त्यासाठी येत नव्हता. चार-सहा दिवसांनी मुग्धा जाऊन त्याच्या मागच्या सीटवर बसली आणि शेंगांसाठी हात पुढे केला. व्हॅन हलली नाही, कुणी तिला शाबासकीही दिली नाही. प्रीतीबाईंनी बजावलं होतं, सर्कस करायची नाही.

राहिला एप्रन. मोरीतून काढून धुतलेला नवा एप्रन बाहेरच्या खोलीत खुर्चीवर ठेवला होता. त्याच्या खिशावर अजून नाव भरायचं होतं. एका दुपारी अक्कानं तो उचलला नाही, आधी विचारलं.

"सोने, ह्याच्यावर तुझं नाव काढू का?"

मुग्धा उठली. स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, परत आली. मग अक्काचा दोऱ्यांचा डबा उघडून त्यातून लाल रीळ काढलं.

अक्काच्या डोळ्यांना आता सुई दिसत नाही. दोरा मुग्धानं ओवला, तिची नजर चांगली आहे. अक्का टाके घालत होती आणि मुग्धा तिच्या मांडीला मांडी लावून प्रत्येक टाका बघत होती, एखादा वाकडा गेला की बोट ठेवायची आणि अक्का तो उसवायची. संध्याकाळी नाव पुरं झालं. मुग्धानं त्यावरून बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा, आणि वाचलं.

"मुग्धा."

पोळ्यानंतर पहिल्यांदा तिनं ते वाचलं. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो होतो, ते उलटं होतं असं अक्का सगळ्यांना सांगते.

संक्रांतीच्या आधी दोन दिवस ती कामावर गेली. जाताना रडली, पोचल्यावरही रडली, पण जागेवर बसली आणि पिशव्या केल्या. चारुलताबाईंनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, हाक मारायच्या आधी तिच्यासमोर यायचं. उन्हाळा येईपर्यंत तेही लागेनासं झालं. फक्त एक गोष्ट परत आली नाही. अनोळखी माणूस दिसला की ती भिंतीला चिकटत नव्हती, पण पुढेही होत नव्हती. ते "मी मुग्धा, तुम्ही?" घरातून गेलं ते गेलंच होतं. दूधवालाही विचारायचा, बाई आता नाव विचारत नाहीत. प्रीतीबाई म्हणायच्या, येईल, आणि नाही आलं तरी ती कामावर जाऊन राहिली ना, काका. मी हो म्हणायचो. मला मात्र ते हवं होतं, अगदी लहान पोरानं हट्ट करावा तसं हवं होतं.

पुन्हा पोळा जवळ आला. माझा विचार असा की मारबतीच्या दिवशी सगळ्यांनी सावनेरला भाच्याकडे जाऊन बसावं. प्रीतीबाईंनी तो मोडीत काढला. "तिले विचारलं का?" विचारलं नव्हतं. विचारलं, तर मुग्धा म्हणाली, "पाहू."

म्हणून आधी त्या तिला मारबत बनवतात तिथे घेऊन गेल्या. मीही होतो. अर्धवट बाई उभी होती, पायाशी नुसते बांबू, वर कागद चढवणं चाललं होतं. मुग्धा दारातच खूप वेळ थांबली. मग जवळ गेली, लेईच्या बादलीत बोट बुडवलं, कागदाची एक कड उचकटून पाहिली.

"नीट चिकटवलं नाही," ती म्हणाली.

काम करणारा म्हातारा हसला. "जाळायचंच आहे ना, बाई."

"तरी," मुग्धा म्हणाली.

मारबतीच्या दिवशी कार्यशाळेला सुट्टी होती, तरी तिनं एप्रन घातला. इतवारीत एका दुकानाच्या पायरीवर आम्ही जागा धरली, एका बाजूला मी, एका बाजूला अक्का, मागे प्रीतीबाई. गर्दी अशी की श्वास घ्यायचा तर शेजाऱ्याला विचारून घ्यावा. ढोल फुटत होते. अक्कानं यंदा हातात काही आणलं नव्हतं आणि तोंड घट्ट मिटलेलं होतं. मुग्धाचा हात माझ्या हातात होता, थंडगार आणि घामेजलेला. मी मनात म्हणत होतो, "बस" म्हण, पोरी, एकदा म्हण, मी तुला खांद्यावर घालून घरी नेतो.

पिवळी मारबत वळणावर आली. वर तारा आडव्या आल्या म्हणून गाडा नेमका आमच्यासमोर थांबला. चारी बाजूंनी एकच गजर उठला, घेऊन जा गे मारबत. ती बाई वरून आमच्याकडे बघत होती, तिचे ते मोठे रंगवलेले डोळे.

मुग्धानं माझा हात सोडला. पायरी उतरली. एक पाऊल पुढे झाली आणि मान वर करून, ढोलांच्या वर जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "मी मुग्धा. कामावर जाते. तुम्ही?"

अक्कानं माझा दंड पकडला. मी काही रडलो वगैरे नाही, डोळ्यांत गुलाल गेला होता.

मुग्धा उत्तराची वाट बघत उभी राहिली. लोक धक्के देत होते, गाडा ओढणारे "बाजू व्हा" म्हणून ओरडत होते, पण समोरच्यानं नाव सांगितल्याशिवाय ती हलत नाही. एक हात खिशावरच्या लाल अक्षरांवर ठेवून ती तशीच उभी होती. वरच्या तारा कुणीतरी बांबूनं उचलल्या, गाडा करकरला, आणि शेवटी मारबतच हलली.

ती दूर जाईपर्यंत मुग्धा बघत राहिली. मग आमच्याकडे वळली.

"बोलत नाही हे," ती अक्काला म्हणाली. "चाल, भूक लागली."